सात सामने, निखिलच्या नावावर

त्या हंगामात आमच्या क्लबने सात सामने खेळले आणि सातही सामन्यांत डावाची सुरुवात मी केली. अकरा, अठ्ठेचाळीस, नाबाद त्र्याहत्तर, शून्य, चौसष्ट, सत्तावीस, एक्क्याऐंशी. तीनशे चार धावा. आठ गावांच्या साखळीत एवढ्या दुसऱ्या कोणी काढल्या नव्हत्या. यातली एकही धाव माझ्या नावावर नाही. कार्यकर्ती पोरं आज मला विचारतात, भाऊ, तुम्ही प्रत्येक यादी दोनदा वाचता, स्वतःचं नाव बोट ठेवून पाहता, हा रोग तुम्हाला कुठून लागला? तो मला क्रिकेटच्या मॅटवर लागला. इतकी वर्षं मी बाकी सगळ्या गोष्टींवर पत्रकं काढली, वसतिगृहाच्या पाण्यावर काढली, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर काढली, पण याच्यावर गप्प राहिलो. कारण यात गुन्हेगारांच्या यादीत मीही बसतो.

आमचं गाव कामरगावहून जीपने आत. बाबा ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. पहाटे ते लोखंडी पाना घेऊन निघायचे आणि गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह खोलायचे. आमच्या घरात दिवस उजाडायचा तो नळातून येणाऱ्या हवेच्या आवाजाने. आधी खोकल्यासारखी फसफस, मग दोन गुळण्या, मग धार. अख्खं गाव बाबांना नावाने ओळखायचं. "ए धम्मपाल, आमच्याकडं कवा सोडतं गा?" "धम्मपालभाऊ, आज लगीन हाय, अर्धा घंटा जास्तीचं सोडजा." ते सगळ्यांना हो म्हणायचे. घरी आले की पाना दाराशी ठेवायचे, आई त्यांच्यासमोर भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी ठेवायची, आणि ते पहिला घास मोडताना रोज तेच विचारायचे, "पोट्टा उठला का?"

पोट्टा उठलेला असायचा. पोट्टा बॅट ठोकत असायचा. क्लबची नवी बॅट आली की ती मुरवावी लागते. तेल पाजायचं, मग जुना बॉल मोज्यात घालून दिवसाचे दोन-तीन तास टकटक करत बसायचं, नाहीतर लेदर बॉलने ती पहिल्याच सामन्यात चिरते. एवढी चिकाटी क्लबात कोणाला नव्हती, म्हणून ती बॅट माझ्याकडे यायची. जवसाचं तेल आईच्या बुधलीतलं. आई भडकायची. "जवस चटणीले नाई अन् हा लाकडाले पाजून राह्यला! ते लाकूड तुले पोसन का?" मी म्हणायचो, "पोसन ना आई, पाह्यजो तू." त्या वर्षी मी बारावीला होतो आणि मला हे खरंच वाटत होतं. आता आई थकली आहे, पण टकटक आवाज आला की अजून विचारते, कोण ठोकून राह्यलं रे? बहुतेक वेळा शेजारचा सुतार असतो.

क्लबचे अध्यक्ष होते बंडूभाऊ. त्यांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारे. क्लबचं किट तिथेच मागच्या खोलीत, युरियाच्या पोत्यांवर पडलेलं असायचं, त्यामुळे आमच्या सगळ्या पॅडांना फवारणीच्या औषधाचा वास. साखळी सुरू व्हायच्या आधी पंधरा खेळाडूंची यादी स्पर्धा समितीकडे द्यावी लागायची. एकदा दिली की बदल नाही. ही यादी बंडूभाऊ दुकानात बसून, गिऱ्हाईक करता करता लिहायचे. त्यांचा मुलगा निखिल पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, तरी यादीत त्याचं नाव तिसरं. माझं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "अबे, तू कुठं पळून राह्यला? निखिल काही येत नाई. त्याच्या नावावर खेळ ना तू."

नावावर खेळणं हा आमच्याकडचा रिवाज होता, आणि तो आम्हाला रिवाज वाटायचा, लबाडी वाटायची नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. यादीत कोणाचा तरी भाचा असायचा, कोणाचा जावई असायचा, ते यायचे नाहीत, त्यांच्या जागी दुसरे खेळायचे. प्रत्येक गावाच्या संघात असे दोन-तीन होते. फोटो चिकटवायची पद्धत तेव्हा आली नव्हती. आधार कोणी मागत नव्हतं. पंचांनाही ठाऊक असायचं. फक्त एक नियम सगळे पाळायचे. मैदानात खरं नाव घ्यायचं नाही. आणि आता मी ज्याच्यावर बोट ठेवणार आहे ते हे, की असं दुसऱ्याच्या नावावर खेळणारे सगळे कोणत्या गल्लीतले असायचे ते कधी कोणी मोजलं नाही. मीही तेव्हा नाही मोजलं. मला बॅटिंग पाहिजे होती. बाकी मला काही दिसत नव्हतं.

कॅप्टन होता गजानन. सायकल दुरुस्तीचं दुकान, वय पस्तिशीला आलेलं, पोट सुटलेलं, सोळा वर्षं क्लबात सहाव्या नंबरवर खेळत आलेला. माणूस सरळ. त्याने पहिल्या सामन्याआधी सगळ्या टीमला मॅटवर गोल बसवून माझ्या नव्या नावाची प्रॅक्टिस घेतली. "निक्या, पळ! निक्या, नको! म्हना सगळे." सगळे माझ्याकडे बघत ओरडले आणि हसून लोटपोट झाले. मीही हसलो. तिसऱ्या सामन्यापर्यंत मला ते अंगवळणी पडलं होतं. जऊळक्याच्या संघाविरुद्ध नाबाद त्र्याहत्तर केले तेव्हा त्यांचा कॅप्टन पाठीवर थाप मारून म्हणाला, "निखिलभाऊ, काय मारता राजेहो!" आणि मी मान झुकवून त्याचे आभार मानले. निखिल म्हणून.

पाचवा सामना आमच्याच गावात होता. बाबा पाणी सोडून, हातपाय धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून आले. सीमारेषेला बाभळीखाली उभे राहिले. मी त्यांना पाहिलं आणि कव्हरच्या डोक्यावरून एक चौकार मारला, खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीच मारला. ते ओरडले, "वा रे सुगत! वा माह्या वाघा!" पॅड बांधून बसलेला गजानन तसाच फटकफटक पळत त्यांच्याकडे गेला. पुढचं बोलणं मला नंतर त्यानेच सांगितलं.

"काका, काका, हळू. इथं सुगत नाई."

"नाई म्हंजे? तो काय उभा हाय माहा पोट्टा."

"तो आज निखिल हाय. यादीत नाव नाई त्याचं. कोनी ऐकलं तं मॅच जाईन आपली."

"मंग मी काय म्हनून हाक मारू त्याले?"

"हाक मारूच नका ना. टाळ्या वाजवा नुसत्या."

बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी मधून पाहत होतो, प्रत्येक चौकाराला ते टाळ्या वाजवत होते, तोंड मिटून, शाळेत पाहुणा आल्यावर वाजवतात तशा. मी पन्नास पूर्ण केले तेव्हा बाभळीखाली कोणी नव्हतं.

माझ्या आज्याचं नाव कचरू. ते त्याच्या मायबापाने ठेवलं नव्हतं, ठेवून घ्यावं लागलं होतं. धम्म घेतल्यावर आज्याने पहिलं काम केलं ते हे, की पोराला असं नाव दिलं जे हाक मारणाऱ्याला पुरं उच्चारावं लागेल. बाबांनी तेच माझ्या बाबतीत केलं. हे सगळं मला माहीत होतं. दर वर्षी विहारात त्याच्यावर भाषण करायचो मी. त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "किती केले?"

"चौसष्ट."

"कोनी?"

आई म्हणाली, "जेवू द्या ना त्याले." मी जेवलो. काय खाल्लं आठवत नाही.

शेवटचा सामना जो जिंकेल त्याचा कप, असा हिशेब येऊन ठेपला होता. समोर दोनशे सहा होते. माझे एक्क्याऐंशी झाले आणि मी मूर्खासारखा उचलून मारायला गेलो, मिडऑनच्या हातात. अजून एक्कावन्न हवे होते. गजानन खेळत होता पंधरावर. सोळा वर्षांत त्याने अर्धशतक कधी केलं नव्हतं. चाळीस-बेचाळीसला यायचा आणि घाबरून आडवी बॅट घालायचा, त्यावरून गावात पोरं त्याला चिडवायची. त्या दिवशी तो घाबरला नाही. एक-एक, दोन-दोन, धापा टाकत, पोट हलवत. जिंकायला दोन हवे असताना त्याने चौकार मारला आणि बावन्नवर नाबाद राहिला. आम्ही त्याला खांद्यावर घ्यायला गेलो, तो उचलला गेला नाही, सगळे मॅटवर पडलो. तो रडत होता आणि म्हणत होता, "लिवलं ना बे? बावन्न लिवलं ना? पाहा एकडाव." मी जाऊन स्कोअरबुक पाहिलं. लिहिलं होतं.

आता माझा गुन्हा. हंगाम संपला की क्लबचा अहवाल छापायचा असं बंडूभाऊंनी ठरवलं. निकाल, धावा, विकेटा, मागे कृषी केंद्राची जाहिरात. लिहायचं काम माझ्याकडे आलं. "तुहं अक्षर चांगलं हाय. प्रेसवाल्याले वाचता आलं पायजे." मी तीन दिवस बसून लिहिलं. माझं पहिलं छापील लिखाण ते. मला नुसते आकडे लिहायला सांगितले होते. मी प्रत्येक खेळीचं वर्णन लिहिलं. 'सलामीवीर निखिल यांनी सुरुवातीची षटके संयमाने खेळून काढली आणि चेंडू जुना होताच मैदानाच्या चारही बाजूंना फटक्यांची बरसात केली.' 'पायांची हालचाल पाहण्यासारखी.' 'जिल्ह्याच्या क्रिकेटला मिळालेले हे रत्न.' हो, रत्न लिहिलं मी. स्वतःची स्तुती दुसऱ्याचं नाव लावून करण्यात एक भिकार सुख असतं, ते मी पोटभर घेतलं. वाटायचं, वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे की हा मीच. अहवाल घरोघरी गेला. एक प्रत स्पर्धा समितीकडे गेली. आणि समितीकडून पत्र आलं, की जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या निवड चाचणीसाठी साखळीतला सर्वांत जास्त धावा करणारा फलंदाज निखिल याला पाठवावे.

मी दुकानात गेलो. बंडूभाऊ गिऱ्हाइकाला तणनाशकाचा डबा दाखवत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबलो.

"भाऊ, चाचणीले मी जातो. समितीले एक फोन करा, सांगा का नाव बदललं होतं म्हनून."

"अन् कप? सांगतलं का कप वापस. तुले समजते का काही?"

"मंग?"

"मंग काय? पत्र पोराच्या नावाचं हाय, पोरगा जाईन. आजच्या गाडीनं येऊन राह्यला. त्याले कॉलेजात कामी पडते असं सर्टिफिकेट." मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे पाय सुगत, तुले खेळाले भेटलं का नाई? बॅट भेटली, जीप भेटली, नाश्ता भेटला. यादीत नाव नसताना सात मॅची खेळला तू. उपकार इसरू नाई मानसानं."

"रना माह्या हायेत, भाऊ."

"कुठं लिवलं हाय?"

त्यांनी गल्ल्याखालून कागद काढले. प्रेसमधून परत आलेली माझी हस्तलिखित पानं. काउंटरवर पसरली. "हे कोनाचं अक्षर? माहं का? निखिल यांनी, निखिल यांनी, निखिल यांनी. तूच लिवलं ना? रत्न-बित्न?" ते हसले. दुकानातला नोकरही हसला. मला आजही वाटतं, ते खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते खरं बोलत होते.

तिथून मी गजाननकडे गेलो. तो चाकाची रिंग सरळ करत बसला होता. ऐकून म्हणाला, "जाऊ दे बे. पुढच्या साली यादीत पयलं नाव तुहं. मी पाहातो ना."

"पुढच्या साली माहं वय बसत नाई. एकोनीस होतात. हे एकच साल होतं."

"मंग काय करतं?"

"समितीले सांगतो. लेखी."

तो चाक फिरवत राहिला. "कप जाईन."

"जाऊ दे."

तो पुढे काही बोलला नाही. मी धरून चाललो की तो माझ्या बाजूने आहे. तेव्हा मला गप्प राहणारा प्रत्येक माणूस माझ्याच बाजूचा वाटायचा. ही चूक मी पुढे मोर्च्यांतही बऱ्याचदा केली.

तक्रार मी घरीच लिहिली. बाबा समोर बसले होते. त्यांच्या नोकरीचा मालक पंचायत, आणि पंचायतीत बंडूभाऊंचा शब्द चालायचा, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्यांनी नको म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "सही तुह्या नावानं करजो. पुरी." मी पुरी सही केली. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. कागदाच्या वर मोठ्या अक्षरांत 'या धावा कोणाच्या?' लिहून झेरॉक्स काढल्या आणि बसस्टँडला, शाळेच्या भिंतीला, कृषी केंद्राच्या शटरला चिकटवल्या. सातही खेळ्या, तारखेसकट, खरं नाव कंसात. दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. पोरं मागून हाक मारायची, "ए निखिल! अरे नाई, सुगत! का निखिल?" मला त्याचंही काही वाटलं नाही. मला वाटत होतं, आता समिती बोलावेल, चौकशी करेल, खोडून नाव बदलेल, आणि मी चाचणीला जाईन.

समितीने मला बोलावलंच नाही. निखिल मधल्या मधे चाचणी देऊन आला. तो मला स्टँडवर भेटला, बॅग पाठीला, परत निघालेला. म्हणाला, "यार, मला खरंच काही माहीत नव्हतं. पप्पा म्हणाले ये, मी आलो. चौथ्या बॉलला बोल्ड झालो. लोक हसत होते, म्हणे हाच का तो तीनशेवाला." मी त्याला मारायच्या तयारीने उभा होतो. पण तो माझ्याहून जास्त ओशाळलेला दिसला, आणि माझा हात उचलला गेला नाही. त्याचाही मला राग आहे.

मग निकाल आला. एक पान. आमच्या क्लबने अपात्र खेळाडू खेळवला म्हणून सातही सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल. कप परत करावा. क्लबच्या सर्व खेळाडूंच्या हंगामातल्या वैयक्तिक नोंदी रद्द. निखिलला दोन वर्षं बंदी, जो तसाही खेळणार नव्हता. इतर सात गावांच्या यादीत कोण कोणाच्या नावावर खेळलं, त्याबद्दल एक ओळ नाही. चाचणीबद्दलही नाही. माझ्या तीनशे चार धावा निखिलच्या नावावरून निघाल्या आणि कोणाच्याच नावावर गेल्या नाहीत. अख्ख्या पानात माझं नाव एकदा होतं, तक्रारदार या शब्दापुढे. बंडूभाऊ अध्यक्ष राहिले. आजही आहेत. बाबांच्या नोकरीला कोणी हात लावला नाही, फक्त लोक त्यांच्याशी पाण्यापुरतंच बोलायला लागले, आणि तेही "धम्मपालभाऊ" न म्हणता.

क्लबातली पोरं समोरून आली की रस्ता बदलायची. मी मनात त्यांना गुलाम म्हणत होतो. पत्रकातला शब्द होता तो, मला आवडायचा. महिनाभर मी गजाननच्या दुकानावरूनही गेलो नाही. मग एक दिवस कॉलेजला जाताना नेमकी त्याच्याच दारात सायकल पंक्चर झाली. मी तशीच ढकलत पुढे चाललो होतो. त्याने आतून पाहिलं, उठून आला, हातातून सायकल घेतली आणि उलटी केली. ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात धरली, बुडबुडे आले तिथे खूण केली, घासली, पॅच लावला.  मी उभा. मीच बोलायला लागलो. सांगितलं की हा लढा माझ्या एकट्याचा नव्हता, की रिवाजाच्या नावाखाली आमची माणसं वर्षानुवर्षं वापरली जातात, की कोणीतरी कधीतरी बोलायलाच पाहिजे होतं. चांगलं बोललो. तेव्हाही मला बोलता यायचं.

तो ऐकत राहिला. टायर रिंगवर बसवून झाला, हवा भरून झाली. मग उभा राहिला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तू बराबर हायेस, सुगत. मी काही म्हनत नाई. पन माहे बावन्न तं माह्याच नावावर होते ना बे?"

 त्याने अंगठ्याने टायर दाबून पाहिला, सायकल सरळ करून माझ्याकडे ढकलली.

"जाय," म्हणाला. "कालेजले उशीर होईन."